लावणीची नर्तकी ॲक्रिलिकमध्ये रंगवताना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे नाचणाऱ्या आकृतीविषयीची असल्याने हा संपूर्ण स्तंभ त्याच विषयाला दिला आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. थिएटरमध्ये परवानगी घेऊन काढलेल्या फोटोवरून मी लावणी नर्तकीचे दोन फूट बाय तीन फूट आकाराचे चित्र ॲक्रिलिक रंगांत केले. चौकटी आखून रेखाटन केल्यामुळे प्रमाणे बरोबर आली, चेहरा ओळखू येतो, साडीची नक्षीही नीट उतरली आहे. तरीही ती नाचताना दिसत नाही, मध्येच थबकल्यासारखी वाटते. माझे नेमके काय राहून जाते आहे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या चित्रात शरीराचे वजन कुठे आहे हे ठरलेले नसावे, असा माझा अंदाज आहे. फोटो सेकंदाचा अगदी लहानसा अंश टिपतो, आणि त्या अंशात पाऊल कुठून आले व कुठे जाणार आहे याची खूण बहुधा पुसली गेलेली असते. प्रत्यक्ष नाच पाहताना आपला डोळा आधीची आणि नंतरची हालचाल जोडून घेतो. चित्रकाराला ती जोडणी रेषेतून करावी लागते. चौकटींच्या पद्धतीत प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे उतरवली जात असल्याने नेमकी ही जोडणीच सुटते.

तुमच्या फोटोवर एक तपासणी करून पाहा. नर्तकीच्या गळ्याच्या खळीतून सरळ खाली ओळंबा सोडल्यासारखी रेषा आखा. स्थिर उभ्या माणसात ही रेषा वजन पेलणाऱ्या पायावर किंवा दोन्ही पावलांच्या मध्ये पडते. ती पावलांच्या बाहेर गेली, तर शरीर तोल सोडून पुढच्या क्षणाकडे निघाले आहे असे पाहणाऱ्याला आपोआप जाणवते. अमेरिकी चित्रकार जॉन सिंगर सार्जंट यांचे १८८२ मधील ‘एल हालेओ’ हे स्पॅनिश नर्तकीचे तैलचित्र या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. बोस्टनच्या इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर संग्रहालयात असलेले, सुमारे साडेअकरा फूट रुंदीचे हे चित्र छापील रूपात सहज पाहायला मिळते. त्यातील नर्तकी मागे इतकी कललेली आहे की त्या स्थितीत क्षणभरही थांबणे तिला शक्य नाही, आणि म्हणूनच ती नाचते आहे यावर आपला विश्वास बसतो. तुमच्या फोटोत ओळंबा पावलावरच पडत असेल, तर धड तीन-चार अंशांनी कलते करायला कचरू नका. फोटोशी इमान राखण्यापेक्षा नाचाशी इमान राखणे अधिक महत्त्वाचे आहे.

दुसरी तपासणी खांद्यांची आणि कमरेची. एका पायावर वजन आले की त्या बाजूचे नितंब वर उचलले जाते आणि बहुतेक वेळा त्याच बाजूचा खांदा खाली येतो. लावणीच्या पोशाखात कमरपट्टा ही कमरेची तिरकी रेषा आयतीच दाखवतो, तर दोन्ही हातांनी डोक्यामागे ताणून धरलेल्या पदरामुळे खांद्यांची रेषा स्पष्ट होते. या दोन रेषा चित्रात समांतर गेल्या असतील, तर पुढची सगळी मेहनत करूनही आकृती ताठच राहते. कमरपट्टा आडवा आणि सरळ रंगवलेली लावणीची कितीतरी चित्रे प्रदर्शनांत दिसतात. त्यांतल्या चेहऱ्यावर हसू असते, पण शरीरात ठेका नसतो.

आता सरावाविषयी. नाचाची चित्रफीत काही क्षण पाहावी, ती बंद करावी, आणि आठवणीतून डोक्यापासून वजनाच्या पायापर्यंत एकच रेषा मारून, त्या रेषेवर खांदे, कंबर आणि गुडघे अर्ध्या मिनिटात बसवावेत. चित्रफीत थांबवून त्यावरून काढणे म्हणजे पुन्हा फोटोच झाला. अशा कागदांचा गठ्ठा साठला की त्यातला एखादा असा निघतो की ज्यात चेहरा नाही, हात नाहीत, तरी लावणी आहे. तो कॅनव्हासवर न्यावा. शक्य असेल तर ती मुद्रा स्वतः घेऊन कोणत्या पायावर भार येतो, पाठीत कुठे ताण बसतो, हे अनुभवून पाहा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले आणि पुढे तेथेच शिकवणारे चित्रकार के. के. हेब्बर यांनी लय समजून घेण्यासाठी कथकचे रीतसर शिक्षण घेतले होते, आणि त्यांच्या नर्तकांच्या रेखाटनांत एका ओघवत्या रेषेने जे साधले आहे, त्याचे मूळ त्या शिक्षणात आहे.

कॅनव्हासवर मात्र पेन्सिलीने बारीक रेखाटन करू नका. आधी बर्न्ट सिएनाचा (लालसर तपकिरी रंगाचा) पातळ थर देऊन पांढरेपणा मोडा, म्हणजे उजेड आणि सावली या दोन्हींचा अंदाज पहिल्यापासून येतो. तो सुकला की इंचभर रुंदीच्या चपट्या ब्रशने, खांद्यातून हात फिरवत, गडद तपकिरी रंगात तीच एक रेषा मारा. चुकली तर लगेच ओल्या फडक्याने पुसता येते, आणि सुकून गेल्यास पंधरा-वीस मिनिटांत तिच्यावरून दुसरी मारता येते. तैलरंगात अशा दुरुस्तीसाठी दिवस थांबावे लागले असते. ॲक्रिलिक लवकर सुकते ही तक्रार सगळेच करतात, परंतु नाचणाऱ्या आकृतीसाठी हा गुण मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे पहिला आवेग न विझता चित्र पुढे नेता येते.

प्रश्न : त्वचेची छटा पॅलेटवर बरोबर जुळते, पण कॅनव्हासवर सुकल्यावर काळवंडते. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत रंग मिसळायच्या आतच घट्ट होतो. रिटार्डर (रंग उशिरा सुकवणारे द्रव्य) घालून पाहिले, तर थर चिकट राहिला.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ॲक्रिलिकमधील रंगद्रव्य ज्या द्रवात असते, तो ओला असताना दुधाळ असतो आणि पाणी उडून गेल्यावर पारदर्शक होतो. ओल्या रंगातला तो दुधाळपणा गेला की छटा एक पायरी गडद दिसते. म्हणून मिश्रण केल्यावर त्याचा एक फटकारा कागदाच्या तुकड्यावर ओढून तो सुकू द्यावा, मगच कॅनव्हासला हात लावावा. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेसाठी यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना, अल्ट्रामरिन (गडद निळा) आणि थोडा क्रिमसन (गडद लाल) एवढे रंग पुरतात. उजेड दाखवण्यासाठी नुसता पांढरा वाढवत गेल्यास त्वचा खडूसारखी निस्तेज होते, त्यामुळे पांढऱ्याबरोबर ऑकरही वाढवा. उजेडाची, मधली आणि सावलीची अशा तीन छटा सुरुवातीलाच भरपूर प्रमाणात तयार करून झाकणाच्या डब्यांत ठेवा. एकदा संपलेली छटा पुन्हा तंतोतंत जुळवणे अनुभवी हातालाही अवघड जाते.

विदर्भातल्या उन्हाळ्यात उघड्या पॅलेटवर काम करणे अशक्यच आहे. पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्या कागदावर रंग, अशी सोय केली तर रंग तासन्‌तास ओला राहतो आणि झाकण लावून दुसऱ्या दिवशीही वापरता येतो. पंखा कॅनव्हासच्या दिशेने नको. रिटार्डर बाटलीवर दिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त झाले की थर चिकटच राहतो, म्हणून ते थेंबाथेंबाने घालावे. गालाची किंवा दंडाची गोलाई ओल्यात ओले मिसळून आणण्याचा हट्ट सोडून दिला, तर रिटार्डरची गरजही फारशी उरत नाही. मधली छटा सपाट लावा, सुकू द्या, आणि अल्ट्रामरिन व बर्न्ट सिएना ग्लेझिंग मिडियममध्ये (रंग पारदर्शक करणाऱ्या द्रवात) पातळ करून सावलीचे दोन-तीन झिरझिरीत थर एकावर एक द्या. रंग फार पातळ करायचा असेल, तेव्हा नुसत्या पाण्यापेक्षा मिडियम वापरणे केव्हाही चांगले.

प्रश्न : नऊवारी साडीचे काठ, निऱ्या आणि जर यांत मी इतका अडकतो की आकृती हरवते. किती तपशील ठेवावा?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नऊवारीचा कासोटा मागे खोचलेला असल्याने दोन्ही पाय वेगवेगळे कळतात. चित्रकाराला पोशाखाकडून मिळालेली ही मोठी सवलत आहे, आणि निऱ्या मोजत बसल्याने ती वाया जाते. कापडाला ताण कुठून मिळतो एवढेच आधी शोधा. वाकलेला गुडघा आणि कमरेवरची खोच या दोन जागांमधून बहुतेक मोठ्या चुण्या निघतात. ताणलेल्या मांडीवर कापड जवळपास सपाट असते, तर गुडघ्यामागे त्याच्या आखूड, खोल वळ्या पडतात. अशा चार-पाच चुण्या बरोबर दिशेने पडल्या की उरलेल्या पाहणाऱ्याचा डोळा भरून काढतो.

काठाचे काम त्याहून महत्त्वाचे आहे. पोटरीभोवती फिरणारा काठ सरळ पट्टीसारखा काढला तर पाय कागदी दिसतो. तो वळणावर रुंद, बाजूला जाताना अरुंद आणि मागे जाताना दिसेनासा झाला पाहिजे, म्हणजे नुसत्या काठानेच पोटरीची गोलाई सिद्ध होते. जरीसाठी सोनेरी धातूचा रंग वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तो चित्रातल्या प्रकाशाऐवजी खोलीतल्या दिव्याला उत्तर देतो. काठ ऑकर आणि तपकिरी रंगात दबलेला ठेवा, आणि जिथे कापड उजेडाकडे वळते तेवढ्याच दोन-तीन ठिकाणी पांढऱ्यात किंचित लेमन यलो घालून जाड ठिपका ठेवा.

पदराची कडा सगळीकडे सारखी धारदार नसावी. हाताच्या मुठीपाशी ती स्पष्ट ठेवा, आणि जिथे पदर हवेत फिरतो आहे तिथे पार्श्वभूमीचाच रंग जवळपास कोरड्या ब्रशवर घेऊन कडेवरून आत ओढा. पदराचा रंग त्याखालून तुटक तुटक दिसत राहतो आणि कापड निसटते आहे असा भास होतो. पावलांनाही हाच न्याय लावता येतो : जमिनीवर आपटणारे पाऊल आणि त्यावरचे घुंगरू ठळक, उचललेले पाऊल अस्पष्ट. संपूर्ण चित्रात अगदी तीक्ष्ण कडा पाच-सहाच ठेवाव्यात आणि त्या कुठे असाव्यात हे रंगवायला बसण्यापूर्वी ठरवावे.

प्रश्न : मला बैठकीची लावणी रंगवायची आहे. त्यात पाय हलत नाहीत, मग हालचाल कशी दाखवावी?
– एक वाचक, वाई

उत्तर : वाईहून आलेला हा प्रश्न विशेष आनंद देणारा आहे. बसून केलेल्या अदाकारीत किती सामर्थ्य असते, हे २०१२ मध्ये पद्मश्रीने गौरवलेल्या वाईच्याच लावणी कलावंत यमुनाबाई वाईकर यांनी महाराष्ट्राला दाखवले. इथे सगळा ताण मान, नजर आणि मनगट यांच्यात आहे. धड एकीकडे, मान दुसरीकडे आणि बुबुळे तिसरीकडे, असा पीळ ठेवा. डोळ्यांचा पांढरा भाग शुद्ध पांढरा करू नका. पापणीच्या सावलीत तो करडा-पिवळसर असतो आणि तसा ठेवला की नजर खोल जाते. चेहऱ्यापासून हातापर्यंतचा मार्ग उजेडात ठेवून बाकी साडी आणि बैठक अंधारात जाऊ दिली, तर चित्र थोड्या रंगांत पूर्ण होते. नर्तकी वयस्क असेल तर तिचे वय लपवू नका. लावणी म्हणजे तरुण, गोऱ्या चेहऱ्याचे कॅलेंडर, ही समजूत चित्रकारांनीच पसरवली आहे आणि तिने या कलावंतांवर अन्याय केला आहे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत गॅरेजमध्ये चित्रे रंगवते. हिवाळ्यात केलेल्या नर्तकीच्या चित्रात सुकल्यावर बारीक तडे गेले. हे चित्र गुंडाळून पुण्याला पाठवायचे आहे.
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : सुमारे दहा अंश सेल्सियसच्या खाली ॲक्रिलिकमधले कण एकमेकांत नीट मिसळून सलग थर बनत नाही, आणि तडे जाण्याचे हे एक मोठे कारण आहे. रंगवणे आणि सुकवणे ही दोन्ही कामे घरातल्या उबदार खोलीत करा, रंगाच्या ट्यूबही गॅरेजमध्ये गोठू देऊ नका. थंडीत सुकलेला थर नंतर वरून वॉर्निश चढवून पक्का होत नाही. तडे गेलेला भाग सँडपेपरने घासून पुन्हा रंगवावा लागेल. थंडीत हा थर कडक होतो, म्हणून चित्र उबदार खोलीतच, रंगाची बाजू बाहेर ठेवून, रुंद नळीवर सैल गुंडाळा. जाड थरांचे काम असेल तर न गुंडाळता चौकटीसह पाठवणे बरे.