पान लाल करणाऱ्या मॅडमकडेच जा

*'बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. किनवट तालुक्यातल्या आमच्या गावातल्या चाळीस बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड आणि नायट्रेट तपासायचंय, एकदा आत्ता डिसेंबरात आणि एकदा मे महिन्यात. प्रोजेक्टचं सबमिशन मार्चअखेर. एचओडी सर फार चांगले आहेत, लगेच म्हणाले, "कर तू, सही माझी." तासिका तत्त्वावरच्या एका मॅडमनी मात्र माझं आराखड्याचं पान लाल पेनानं रंगवून परत दिलं: "बाटली कसली? मे कधी?" मूडच गेला. सरांनाच गाइड करू ना?'*

नको. मॅडमना कर.

सबमिशन मार्चमध्ये आणि नमुने मे महिन्यात! ही चूक तुला दिसली नाही, सरांनी पान वाचलंच नाही, मॅडमनी वाचलं. तुझा मूड गेला म्हणून तू वाचणारं माणूस सोडायला निघालीस, याचा मला राग आलाय.

बाटलीचा प्रश्नही साधा नाही. फ्लोराइडची काचेशी प्रक्रिया होते, म्हणून नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घ्यायचा. नायट्रेट जिवाणूंमुळे बदलतं, म्हणून नमुना बर्फात ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोचवायचा. बोअर आधी पाच-दहा मिनिटं चालू ठेवायचा, नाहीतर पाइपात साचलेलं पाणीच तपासशील. चाळीस बोअर, दोन घटक, प्रत्येक चाचणी दोनदा, म्हणजे एका फेरीत 160 रीडिंग. एकटीला झेपणार नाही.

मे काढून टाक. बारा ठिकाणं घे, सहा हापसे आणि सहा खोल बोअर, आणि खोलीप्रमाणे फरक पडतो का ते बघ. बोअर किती फूट खोल आहे ते मालकाला विचारून लिहून ठेव. फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत, नायट्रेटची 45. हे आकडे पानावर आधीच असू देत. असं नवं पान लिहून सोमवारी मॅडमच्या हातात दे आणि दर आठवड्याला पंधरा मिनिटं माग.

सरांना काय सांगू, असं विचारशील. प्रमाणपत्रावर विभागप्रमुखांची सही बहुतेक असतेच. "सर, तुमची सही तर हवीच आहे, रोजचं काम मॅडमकडे दाखवते," एवढं सांग. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना गाइड म्हणून सही करता येते का, आणि मॅडम मार्चपर्यंत कॉलेजात आहेत का, हे दोन्ही ऑफिसात आधी विचार. सही चालत नसेल तर गाइड म्हणून नाव सरांचं लाव, पण पान मॅडमनाच दाखव.