'कॉर्प्स ब्राइड' दुसऱ्यांदा बघताना शपथेवर लक्ष ठेवा

तुमचा प्रश्न असा: २००५ सालचा 'कॉर्प्स ब्राइड' हा स्टॉप-मोशन, म्हणजे बाहुल्या हाताने किंचित हलवत एकेक चौकट टिपून केलेला चित्रपट एकदा पाहिला, दिसायला देखणा होता, पण गोष्ट फारच चिमूटभर वाटली आणि शेवट उरकल्यासारखा. मग लोक तो पुन्हा पुन्हा का बघतात? दुसऱ्यांदा बघून काही वेगळं हाती लागेल का?

लागेल, आणि बरंच लागेल. पहिल्यांदा मीही थोडी हिरमुसूनच उठले होते. आज हा माझ्या सगळ्यात जवळच्या चित्रपटांपैकी एक आहे. तुम्ही पाहिलेला आहे म्हणून शेवटासकट सगळं लिहिते.

पहिल्या वेळी आपण एकाच गोष्टीच्या मागे धावतो: व्हिक्टरचं लग्न शेवटी कुणाशी होणार? जिवंत व्हिक्टोरियाशी, की जंगलात चुकून जिच्या बोटात अंगठी घातली त्या मेलेल्या एमिलीशी? हे कोडं खरंच लहान आहे आणि त्याचं उत्तर अर्ध्या वाटेतच कळतं. सगळी नजर तिथे लावली तर ७७ मिनिटांचा चित्रपटसुद्धा रिकामा वाटणारच. दुसऱ्या वेळी उत्तर माहीत असतं, त्यामुळे नजर मोकळी होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळा चित्रपट त्या लग्नाच्या शपथेवर रचलेला आहे.

शपथेत चार गोष्टी येतात: हात, पेला, मेणबत्ती आणि अंगठी. या हाताने तुझी दुःखं उचलीन, तुझा पेला कधी रिता होऊ देणार नाही, या मेणबत्तीने अंधारात वाट दाखवीन, आणि ही अंगठी देऊन तुला माझी हो म्हणतो, असा तिचा आशय. ही शपथ चित्रपटात तीन महत्त्वाच्या ठिकाणी येते. लग्नाच्या तालमीत व्हिक्टर तिची पार वाट लावतो. मेणबत्ती पेटत नाही, शब्द उलटेपालटे होतात, अंगठी हातातून निसटते आणि सासूबाईंच्या झग्याला आग लागते. मग तो जंगलात एकटा असतो, कुणी बघत नसतं, आणि तीच शपथ तोंडातून अस्खलित बाहेर पडते. वाळकी फांदी समजून तो जिच्यावर अंगठी सरकवतो ते एमिलीचं बोट निघतं. तिसरी वेळ शेवटी, चर्चमध्ये. व्हिक्टर आपला भाग चोख म्हणतो, एमिली सुरुवात करते, पेल्याच्या ओळीपर्यंत येते आणि अडखळते, कारण तिला आडोशाला उभी असलेली व्हिक्टोरिया दिसते. तालमीत भीतीपोटी मोडलेली शपथ इथे मायेपोटी मोडते. पहिल्यांदा बघताना मला ते नुसतं नाट्यमय थांबणं वाटलं होतं.

एकदा हे दिसलं की त्या चार वस्तू जिथे तिथे भेटू लागतात. एमिली आपल्या दुःखाचं गाणं म्हणते तेव्हा जळत्या मेणबत्तीला हात लावूनही तिला चटका बसत नाही. शपथेतली वाट दाखवणारी मेणबत्ती तिच्या कामाचीच राहिलेली नाही. पेल्यात विष येतं, कारण मृताशी केलेलं लग्न खरं ठरायला व्हिक्टरला ते प्यावं लागणार असतं, आणि तोच पेला शेवटी खलनायक बार्किस स्वतःच्या तोऱ्यात रिचवतो. एमिलीचा खून त्यानेच केलेला असतो. अंगठी तर शेवटी एमिली स्वतःच परत देते.

हाताबद्दल जरा जास्त लिहिते, कारण हा मला हातांचाच चित्रपट वाटतो. लग्नाला आपल्या भाषेत पाणिग्रहण असा जुना शब्द आहे, हात हातात घेणं. इथे तो अगदी शब्दशः खरा होतो. पियानोचा प्रसंग आठवा. व्हिक्टर खोटं बोलून व्हिक्टोरियाला भेटायला गेला होता हे एमिलीला कळलंय. ती पाठ वळवून एकटीच काहीतरी उदास वाजवत बसलीय. तो शेजारी येऊन बसतो, माफी मागायचा प्रयत्न करतो, जमत नाही, मग तिच्या सुरांना दोन-चार सूर जोडतो. ती दाद देत नाही. तो पुन्हा वाजवतो. हळूहळू तिची बोटं उत्तर देऊ लागतात, लय वाढते, आणि वाजवता वाजवता तिचा हाडांचा हात मनगटातून सुटून एकटाच पट्ट्यांवर धावतो आणि व्हिक्टरच्या अंगावर चढतो. ती ओशाळते. तो हात तिला परत देतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर किळस नसते. अख्ख्या चित्रपटात त्यांच्यातलं अवघडलेपण संपतं ते इथे, आणि बोलण्यातून फारसं काही झालेलं नसतं. आता सुरुवातीचा प्रसंग शेजारी ठेवा. व्हिक्टोरियाच्या घरातही व्हिक्टर पियानोच वाजवत असतो, आणि ती सांगते की आई तिला पियानोजवळ फिरकूही देत नाही, संगीत मुलीच्या जातीला शोभत नाही म्हणून. जिवंतांच्या घरी बंदी आणि मृतांच्या जगात जुगलबंदी.

व्हिक्टोरियाच्या घरातल्या त्या पियानोवरच्या पाटीवर 'हॅरीहाउसेन' हे नाव आहे, तेही या वेळी बघा. १९६३ सालच्या 'जेसन अँड द आर्गोनॉट्स'मधली सांगाड्यांची लढाई ज्यांनी हाताने हलवली, त्या रे हॅरीहाउसेन यांना केलेला हा नमस्कार आहे.

चेहऱ्यांकडेही लक्ष द्या. १९९३ च्या 'नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' या बाहुल्यांच्याच चित्रपटात नायक जॅकचं डोकं प्रत्येक हावभावासाठी बदलत, अशी शेकडो डोकी घडवलेली होती. इथे मुख्य बाहुल्यांच्या डोक्यात घड्याळासारखी बारीक चक्रं बसवली होती. कानातून किल्ली घालून ती किंचित फिरवायची, की ओठाचा कोपरा केसभर वर किंवा खाली. म्हणून एमिलीचं हसू एकदम मावळत नाही, विरत जातं. चर्चमध्ये ती व्हिक्टोरियाकडे बघते तो जवळून घेतलेला चेहरा थांबवून थांबवून बघा. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने अख्खा चित्रपट १ लाख १० हजार चौकटींच्या घरात जातो, आणि माणसाचा हात फिरल्याशिवाय त्यातली एकही बाहुली हललेली नाही. तिचा घुंगट वाऱ्यावर तरंगतो ना? स्टॉप-मोशनच्या सेटवर वारा चालत नाही. कापडाची लाट कुणीतरी बोटांनी वळवून तिथेच टिकवावी लागते. हे कळल्यापासून मला तो घुंगट बघताना दर वेळी भरून येतं.

आता शेवट. तो उरकलेला वाटतो असं तुम्ही म्हणता, तर सुरुवातीची काही मिनिटं पुन्हा बघा. व्हिक्टर काचेखालच्या फुलपाखराचं चित्र काढत असतो, आणि काढून झालं की त्याला खिडकीतून सोडून देतो. ते फुलपाखरू ज्या करड्या गावावरून उडतं तिथे झाडणारा माणूससुद्धा घड्याळाच्या ठेक्यात हलतो. पुढे एमिली मृतांच्या जगातून जमिनीवर परत येते तेव्हा चांदण्याकडे बघतच राहते. इतका काळ अंधारात काढला की ते किती सुंदर असतं हेच विसरायला झालं होतं, असं ती म्हणते आणि नाचू लागते. पहिल्या वेळी हा प्रसंग गोड वाटून निसटतो. शेवटी ती चर्चच्या दारातून त्याच चांदण्यात पाऊल टाकते आणि तिची फुलपाखरं होतात. व्हिक्टरने काच उचलली होती, इथे एमिलीने उचलली. शेवटाची तयारी अशी पहिल्या मिनिटापासून चाललेली होती.

सगळंच निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. बार्किस फार सपाट खलनायक आहे, त्याचा डाव आपल्याला आधीच कळतो. व्हिक्टोरियाला तिच्या वाट्याचं एखादं गाणं तरी मिळायला हवं होतं, खिडकीतून चादरींच्या दोरीने उतरणारी ती मुलगी दाखवतात त्यापेक्षा कितीतरी धीट आहे. आणि जिवंत म्हणजे करडे, मेलेले म्हणजे रंगीत, ही कल्पना पहिल्या दहा मिनिटांत समजते, नंतर तिचं नवल उरत नाही. तरी मेलेले लोक गावात येतात आणि एक लहान मुलगा त्या सांगाड्यांतल्या आपल्या आजोबांना ओळखतो, तिथे तीच कल्पना एकदम उबदार होते.

बघायला बसाल तेव्हा पियानोचा प्रसंग आधी आवाज बंद करून बघा, नुसते हात. मग मागे जाऊन आवाज लावून.