भुईनळा फुटला, तक्रार कुणावर?

प्रश्न : आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका गावी राहतो. नरक चतुर्दशीला पहाटे साडेपाचला, अंघोळी झाल्यावर माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने अंगणात भुईनळा लावला. त्याचे वडील दोन पावलांवर उभे होते. ठिणग्यांचं झाड उडायच्या ऐवजी तो बॉम्बसारखा फुटला आणि मातीचा तुकडा मुलाच्या उजव्या डोळ्यात गेला. पुण्यात शस्त्रक्रिया झाली, पण त्या डोळ्याने दिसेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. भुईनळे गल्लीतल्या किराणा दुकानातून सुटे घेतले होते, सहाचे १८० रुपये. पोलीस म्हणतात, "पोराच्या हातात तुम्हीच दिला, आता तक्रार कुणावर?" दुकानदाराचा भाऊ २५ हजार रुपये आणि 'आमची काही तक्रार नाही' असं लिहिलेला स्टॅम्पपेपर घेऊन आला होता. सासूबाईंनी फुटलेले तुकडे आणि उरलेले दोन भुईनळे श्रीखंडाच्या डब्यात ठेवले आहेत. दुकानदारावर काही होऊ शकतं का? आणि सामान्य माणसाला फटाके विकायलाच बंदी का नसावी? ग्रामसभेत तसा ठराव मांडायचं माझ्या मनात आहे.

उत्तर : ताई, आधी त्या स्टॅम्पपेपरचं. सही करू नका, तुम्ही नाही आणि घरातल्या दुसऱ्या कुणीही नाही. दुकानदार गल्लीतला आहे, रोज तोंड बघायचं आहे, तुमच्यावर चारी बाजूंनी दबाव येत असणार हे मी समजू शकतो. पण डोळा मुलाचा गेलाय आणि नुकसानभरपाईचा हक्कही मुलाचाच आहे. अल्पवयीन मुलाचा दावा चालू असताना आईबापाला तडजोड करायची तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, कारण मुलाचं हित परस्पर कुणी विकू नये. २५ हजारांचा कागद आज झाला, तर पुढच्या प्रत्येक तारखेला तोच तुमच्यासमोर नाचवला जाईल.

दुसरं, सासूबाईंचे पाय धरावेत असं काम त्यांनी केलंय. काही वर्षांपूर्वी असंच एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी अंगण झाडून सगळं उकिरड्यावर टाकलं होतं आणि नेमकं काय फुटलं हे सिद्ध करायला आमच्या हातात काहीच उरलं नव्हतं. तुमच्याकडे तुकडे आहेत, आणि त्याहून मोलाचे म्हणजे न पेटवलेले दोन नग आहेत. भुईनळ्यात दारू घट्ट ठासलेली असेल तर ती वरून खाली थराथराने जळते. भरताना पोकळी राहिली किंवा दारूला भेग गेली, तर आग एकदम आत शिरते, दाब वाढतो आणि मातीची कुप्पी तो सोसू शकत नाही. शाबूत नग तज्ज्ञाने उघडून पाहिला की भरणीतला दोष कळू शकतो. म्हणून तो डबा चुलीपासून, देवघरातल्या दिव्यापासून लांब ठेवा, उघडू नका, आणि लवकरात लवकर पंचनामा करून पोलिसांच्या ताब्यात द्या. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवा अशी मागणी अर्जातच लिहा.

आता पोलिसांच्या प्रश्नाचं उत्तर. फटाका हा १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली 'स्फोटक'च आहे. तो विकायला परवाना लागतो. दिवाळीपुरता तात्पुरता परवाना मिळतो, पण त्याच्याही अटी आहेत : न जळणाऱ्या साहित्याची शेड, दोन दुकानांत किमान ३ मीटर अंतर, वस्तीसारख्या जागांपासून ५० मीटर दूर, आत उघडी ज्योत नाही. तेलाचे डबे आणि काडेपेट्यांच्या शेजारी किराण्याच्या फळीवर ठेवलेला माल यात कसा बसणार? विनापरवाना विक्रीला कलम ९-ब खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. भारतीय न्याय संहितेचं कलम २८८ स्फोटकाबाबतच्या निष्काळजीपणासाठी आहे आणि कलम १२५ दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याबद्दल. एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं ही कायद्याने 'गंभीर दुखापत' आहे, तिथे शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते.

ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर तीच तक्रार रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) ने तो अधिकार दिलाय. तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पुण्याच्या रुग्णालयात एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठी केलेली इजेची नोंद, झाली असेल, तिचा क्रमांक तक्रारीत घाला. त्याच दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्या : या दिवाळीत तुमच्या गावात फटाका विक्रीचे परवाने कुणाकुणाला दिले, कुठल्या जागेसाठी. तीस दिवसांत येणाऱ्या त्या उत्तरात दुकानदाराचं नाव नसेल, तर अर्धं काम झालं.

पैशाची भरपाई मात्र फौजदारी खटल्यातून सहज मिळत नाही. तिच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे इजा झालेल्या माणसाला थेट दाद मागता येते; वस्तू वडिलांनी घेतली आणि इजा मुलाला झाली म्हणून अडत नाही. दुकानदार म्हणेल, "मी काय बनवतो का? घाऊकवाल्याकडून आणतो." कलम ८६ त्याला ही पळवाट ठेवत नाही : बनवणारा कोण हे कळत नसेल, तर विकणारा जबाबदार. खोकं नाही, लेबल नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही, म्हणजे सुटं विकून त्याने ती जबाबदारी स्वतःच्याच गळ्यात घेतली आहे. शिवाय आयोगाची फी तुम्ही मागितलेल्या भरपाईवर नाही, वस्तूच्या किमतीवर ठरते, आणि पाच लाखांपर्यंत फीच नाही. १८० रुपयांच्या खरेदीवर तुम्ही काही लाखांची भरपाई मागू शकता. मुदत दोन वर्षांची आहे, पण इतकं थांबू नका. बिल नसलं तरी खरेदी पाहिलेल्या शेजाऱ्याचं शपथपत्र आणि ऑनलाइन पैसे दिले असतील तर मोबाइलमधली नोंद चालते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्री आणि मूल यांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही.

समोरचा वकील काय विचारणार तेही सांगतो. पहाटे साडेपाचला का लावला? रात्री दहा ते सकाळी सहा फटाके वाजवायला मनाई आहेच, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशात दिवाळीची वेळ रात्री आठ ते दहा दिली आहे. वेळ लपवू नका, खरी सांगा. रात्रीची ती मनाई आवाजाच्या फटाक्यांसाठी आहे. भुईनळ्याला आवाज नसतो, त्याने आवाज केला हाच त्याचा दोष. आठ ते दहाची वेळ मात्र तुमच्या विरुद्ध जाईल. तरी त्यामुळे विनापरवाना विक्री कायदेशीर ठरत नाही. आईबापाने आणखी काळजी घ्यायला हवी होती, असंही म्हटलं जाईल. पण तुमची चूक धरली तरी ती अकरा वर्षांच्या मुलाच्या खात्यावर टाकून त्याचा हक्क बुडवता येत नाही. घरात एकमेकांना दोष देणं थांबवा, विशेषतः त्याच्यासमोर.

राहिला बंदीचा प्रश्न. तुमच्या जागी असतो तर मलाही सगळे फटाके बंद व्हावेत असंच वाटलं असतं. पण २३ ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने देशभर सरसकट बंदी घालायला नकार दिला. फटाक्याच्या दारूतले बेरियमचे विषारी क्षार आणि फटाक्यांच्या माळा बंद केल्या, ऑनलाइन विक्री बंद केली, विक्री फक्त परवानाधारकाकडून करायला सांगितली, आणि हद्दीत आदेश मोडला तर तिथल्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला व्यक्तिशः जबाबदार धरलं. दिल्लीत त्यापुढे जाऊन बंदी घातली, तर २०२४ च्या दिवाळीनंतर खुद्द न्यायालयालाच विचारावं लागलं की तिची अंमलबजावणी झाली कुठे. २०२५ मध्ये हरित, म्हणजे कमी प्रदूषण करणाऱ्या, फटाक्यांना तिथे मर्यादित परवानगी द्यावी लागली. माझं स्वच्छ मत असं : फुलबाजी, भुईचक्र, भुईनळा लोकांना मिळू द्यावेत, पण बंद खोक्यात, परवाना असलेल्या स्टॉलवर, बिलासकट. सुतळी बॉम्ब आणि रॉकेट मात्र सामान्य गिऱ्हाइकाला विकूच नयेत. पूर्ण बंदी आली की माल थांबत नाही, तो अशाच नाव नसलेल्या फळीवर सुटा येतो. तुमच्या मुलाचा डोळा अशाच मालाने गेला.

ग्रामसभेचा ठराव कायदा बनू शकत नाही, पण निरुपयोगीही नाही. गावाबाहेरची एक मोकळी जागा स्टॉलसाठी ठरवा, वस्तीतल्या किराणा दुकानात फटाके सापडले तर ग्रामपंचायतीने त्याच दिवशी पोलिसांना आणि तहसीलदारांना कळवायचं असं लिहा, आणि ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना परवाने देण्याच्या आधी, म्हणजे नवरात्राच्या सुमाराला पोचवा.

ठाण्यात जाताना तक्रारीच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्क्यानिशी पोच घ्या. डबा पंचनाम्याशिवाय कुणाच्याही हातात देऊ नका.