१३१४ सालचा एव्लिया चेलेबी: पहिली आवृत्ती म्हणायची का?

इस्तंबूलच्या सहाफलर या पुस्तकांच्या बाजारात घेतलेल्या 'सियाहतनामा' या प्रवासवर्णनाच्या पहिल्या खंडावर १३१४ साल कसं, लेखक एव्लिया चेलेबी हा तुर्की प्रवासी तर सतराव्या शतकातला, आणि विक्रेता म्हणतो तशी ही पहिली आवृत्तीच का, असं तुम्ही विचारलंय.

साल हिजरी आहे. १३१४ म्हणजे जून १८९६ ते जून १८९७. हा 'इकदाम' वृत्तपत्राच्या अहमद जेवदेत यांनी छापलेला खंड. विक्रेता बराचसा खरं बोलतोय. त्याआधी, १८४०च्या दशकात, इस्तंबूलला आणि कैरोजवळच्या बुलाकला निवडक वेचे निघाले होते. हामर-पुर्गश्टाल या ऑस्ट्रियन अभ्यासकाचा इंग्रजी अनुवाद तर लंडनला १८३४पासूनच येऊ लागला होता, पण तोही पहिल्या दोन खंडांपुरता. मूळ तुर्की ग्रंथ खंडवार छापायला सुरुवात झाली ती तुमच्या हातातल्या पुस्तकापासून.

पुढची गोष्ट मला फार प्रिय आहे. दहा खंड पुरे व्हायला ४२ वर्षं लागली. सहा खंड १९००पर्यंत आले. सातवा आणि आठवा १९२८मध्ये. त्याच वर्षी तुर्कस्तानने अरबी लिपी सोडून रोमन घेतली, त्यामुळे नववा (१९३५) आणि दहावा (१९३८) रोमन लिपीत निघाले. एकाच ग्रंथाचे आठ खंड उजवीकडून वाचायचे आणि दोन डावीकडून! दहाही एकत्र मिळाले तर सोडू नका.

मात्र उद्धृत करायला हा खंड वापरू नका. तेव्हा सुलतान अब्दुल हमीदची सेन्सॉरशिप होती. मजकूर कापला गेला, बदललाही गेला. शिवाय छपाईसाठी वापरलेलं हस्तलिखित ही नंतरची नक्कल होती. लेखकाच्या हातची मानली जाणारी प्रत १७४२मध्ये कैरोहून इस्तंबूलला आली. मुख्यतः तिच्यावरून केलेली दहा खंडांची आवृत्ती यापी क्रेडी या प्रकाशनसंस्थेने १९९६ ते २००७ या काळात काढली. अभ्यासाला ती घ्या.

आणि कृपा करून नवी बांधणी करू नका. माझ्या एका खंडाच्या कडा बांधणाऱ्याने सारख्या करायच्या म्हणून कापल्या आणि समासातल्या जुन्या वाचकाच्या शाईतल्या नोंदी अर्ध्या गेल्या. अजून हळहळ वाटते. कागद ठिसूळ असेल तर पुठ्ठ्याच्या पेटीत आडवा ठेवा, इतकं पुरे.

तुम्हाला अरबी लिपी येत नाही म्हणता, तरी सुरुवातीची पानं हळूच चाळा. ऑगस्ट १६३०मधल्या एका रात्री, एकोणीस वर्षांच्या एव्लियाला स्वप्न पडतं. अही चेलेबी मशिदीत, जी इस्तंबूलच्या एमिनोनू भागात आजही उभी आहे, त्याला पैगंबर भेटतात. मागायची असते 'शफाअत', म्हणजे देवापाशी रदबदली. गडबडून तोंडून निघतं 'सियाहत', म्हणजे प्रवास. दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर एकाच आकाराचं, फक्त 'शफाअत'मध्ये त्याच्यावर तीन ठिपके. शेवटचं अक्षरही दोन्हीकडे 'त'च. ही जोडी शोधा, स्वप्नाचं पान सापडेल.