रूट लोकस येतं, मग कंट्रोलर काढायला डायोफंटाइन समीकरण कशाला?

तुम्ही धुळ्याला इन्स्ट्रुमेंटेशनला आहात आणि विचारताय की रूट लोकस, बोडे (कंट्रोलर ठरवायच्या आलेखी पद्धती) सगळं जमतं, मग सिलॅबसात हे डायोफंटाइन (पूर्णांकांत किंवा बहुपदींत उत्तर शोधायचं समीकरण) मधेच कुठून आलं. भाऊ, ते आपल्याच खान्देशातलं समजा. चाळीसगावजवळच्या पाटणचा १२०७ सालचा शिलालेख आहे ना, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा, त्याच ग्रंथांत कुट्टक आहे: भाज्याला (ज्याला भागायचं त्याला) कितीने गुणून क्षेप (वरून मिळवायचा आकडा) मिळवला की हाराने (भाजकाने) नि:शेष भाग जातो, ते शोधायचं.

कंट्रोलमध्ये आकड्यांच्या जागी एस या चलातल्या बहुपदी, बाकी रीत तीच. प्लांट (ज्याला ताब्यात ठेवायचं ते यंत्र) आणि कंट्रोलर दोन्ही अंश-छेदाच्या रूपात लिहायचे. प्लांटचा छेद गुणिले कंट्रोलरचा छेद, अधिक प्लांटचा अंश गुणिले कंट्रोलरचा अंश, बरोबर तुम्हाला हवी ती क्लोज्ड लूपची (आउटपुट परत इनपुटला जोडलेल्या यंत्रणेची) बहुपदी. हवे ते पोल (त्या बहुपदीची मुळं) समीकरणाच्या उजव्या बाजूला लिहायचे आणि समीकरण सोडवायचं, गेन फिरवत बसायचं नाही. आणि भास्कराचार्य सांगतात की भाज्य-हाराला ज्याने भाग जातो त्याने क्षेपाला जात नसेल तर प्रश्नच दुष्ट (मुळातच चुकीचा), इथेही तसंच, प्लांटच्या अंशात आणि छेदात (एस−१) कॉमन असेल तर ते क्लोज्ड लूपच्या बहुपदीतही राहतं, म्हणून कोणताही कंट्रोलर ते लूप स्टेबल (आउटपुट हाताबाहेर न जाणारं) करू शकत नाही. पोरं तो कॉमन फॅक्टर बिनधास्त कॅन्सल करतात आणि तिथेच फसतात.

खरी मजा पुढे आहे. प्लांट घ्या १/(एस−१), वर-खाली (एस+१) ने भागा. आता अंश १/(एस+१) झाला, छेद (एस−१)/(एस+१). अंशाची दुप्पट अधिक छेद, बेरीज बरोबर १, म्हणजे अंशाचा गुणक २ हा कंट्रोलरचा अंश, छेदाचा गुणक १ हा त्याचा छेद, कंट्रोलर नुसता गेन २. आता कोणताही स्टेबल क्यू (एस चं अंश-छेद रूपातलं फंक्शन) घ्या, त्या २ मध्ये छेद गुणिले क्यू मिळवा, खालच्या १ मधून अंश गुणिले क्यू वजा करा, बेरीज १ च राहते, म्हणून लूप स्टेबलच राहतं, आणि उलटपक्षी या प्लांटला स्टेबल करणारा प्रत्येक कंट्रोलर कुठल्या तरी क्यूने मिळतोच. युला आणि प्रागचे कुचेरा यांनी १९७० च्या दशकात हे मांडलं. स्टेपला (इनपुट एकदम बदलून तिथेच ठेवला तर) स्टेडी स्टेट एरर (शेवटी उरणारी चूक) शून्य हवी? एस शून्य केल्यावर कंट्रोलरचा छेद शून्य व्हायला हवा, क्यू = १ टाका, येतं ३ + १/एस. अहो, हा तर आपला पीआय (प्रपोर्शनल-इंटिग्रल कंट्रोलर)! क्लोज्ड लूप (एस+१)² येतं, वहीत करून बघा.

एमआयडीसीत जाल तर तिथे बहुतेक पीआयडीच (पीआयमध्ये डेरिव्हेटिव्ह मिळवलेला) दिसेल, ते खरंय. ऑर्डर मोठी झाली की बहुपदींची आकडेमोडही कंप्युटरवर नाजूक होते, तेव्हा स्टेट स्पेसच (बहुपदींऐवजी मॅट्रिक्सची पद्धत) बरं. पण पेपरला एक लक्षात ठेवा, प्लांट एन ऑर्डरचा (छेदात एस चा सर्वांत मोठा घात एन) असेल तर कंट्रोलर एन−१ चा घ्या आणि समीकरणाच्या उजव्या बाजूला २एन−१ पोल लिहा, कमी लिहिले तर सहसा उत्तर जुळत नाही.