तडजोडीने मिटलेल्या जुन्या गुन्ह्याची नोंद पोलिसांच्या रेकॉर्डमधून काढता येते का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे : 2018 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, गावच्या यात्रेतील मारामारीवरून तुमच्यावर भारतीय दंड संहितेच्या 325 (गंभीर दुखापत), 504 (चिथावणीसाठी अपमान), 506 (धमकी) आणि 34 (समान इरादा) या कलमांखाली गुन्हा दाखल झाला. 2021 मध्ये न्यायालयाच्या परवानगीने फिर्यादीशी तडजोड होऊन खटला मिटला. आता वनरक्षक पदासाठी तुमची निवड झाली असून चारित्र्य पडताळणीपूर्वी ही नोंद काढून टाकावी अशी तुमची इच्छा आहे, आणि एक मध्यस्थ पैसे घेऊन ‘नाव साफ करून देतो’ असे सांगतो आहे. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो आणि याच काळजीने खचलेली मुले व त्यांचे आईवडील माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नका. गुन्ह्याची नोंद पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत, सीसीटीएनएस या पोलिसांच्या देशव्यापी संगणकीय प्रणालीत आणि न्यायालयाच्या दप्तरात अशी अनेक ठिकाणी असते. ती पैसे देऊन कायदेशीररीत्या निघत नाही आणि बेकायदेशीररीत्या काढण्याचा प्रयत्न उघड झाला, तर मिटलेल्या प्रकरणाच्या जागी तुमच्यावर नवा आणि कितीतरी गंभीर गुन्हा उभा राहील.

ब्रिटनमध्ये 1974 च्या कायद्यानुसार ठरावीक काळ उलटल्यावर बऱ्याच जुन्या शिक्षा सामान्य नोकरीच्या अर्जात सांगाव्या लागत नाहीत. सज्ञान व्यक्तीसाठी तसा सर्वसाधारण कायदा भारतात नाही, आणि ही आपल्या व्यवस्थेतील मोठी उणीव आहे असे माझे स्पष्ट मत आहे. अल्पवयीनांची गोष्ट वेगळी आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 24 नुसार त्यांना दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता येत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर ते अभिलेख नष्ट करण्याचा आदेश दिला जातो. सोळा वर्षांवरील मुलाला बाल न्यायालयाने गंभीर गुन्ह्यात प्रौढाप्रमाणे दोषी धरले असेल, तर मात्र हे संरक्षण मिळत नाही. तुम्ही घटनेच्या वेळी अठरा वर्षे पूर्ण केलेली असल्याने हा मार्ग तुम्हाला खुला नाही.

तुमच्या बाजूने जे आहे, ते तुम्हाला कोणी नीट सांगितलेले दिसत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 320(8) प्रमाणे कायदेशीर तडजोडीचा परिणाम आरोपीची निर्दोष मुक्तता हाच असतो, आणि तिच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्येही तीच तरतूद आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत तुम्हाला शिक्षा झालेली नाही. तेव्हा न्यायालयात नक्कल अर्ज करून त्या आदेशाची सहीशिक्क्याची प्रत काढा आणि त्यात निर्दोष मुक्ततेचा उल्लेख आहे की नाही हे स्वतः वाचा. मग ती प्रत जोडून संबंधित पोलीस ठाण्यात आणि पोलीस अधीक्षक कार्यालयात लेखी अर्ज द्या, त्यात सीसीटीएनएसमध्ये निकालाची नोंद घेण्याची विनंती करा आणि पोच घ्या. निकाल लागूनही पोलिसांच्या नोंदीत प्रकरण ‘न्यायप्रविष्ट’ राहिल्याने चांगल्या उमेदवारांचे अहवाल प्रतिकूल गेलेले मी पाहिले आहेत. गुन्हा पुसला जात नसला, तरी त्याचा शेवट तेथे नोंदवून घेणे तुमच्या हातात आहे.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. साक्षांकन नमुन्यात, म्हणजे चारित्र्य पडताळणीसाठी भरून द्यायच्या फॉर्ममध्ये, ‘तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का’ असा प्रश्न असेल, तर ‘होय’ लिहा, गुन्हा क्रमांक, कलमे आणि निकालाची तारीख द्या व आदेशाची प्रत जोडा. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या 2016 च्या निकालात म्हटले आहे की, उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. तरुण वयातील क्षुल्लक स्वरूपाच्या प्रकरणात माहिती दडवली गेली तरी नियोक्ता ती चूक माफ करू शकतो, पण खरी माहिती दिली म्हणून नेमणूक देण्याचे बंधन त्याच्यावर येत नाही. 2011 च्या संदीप कुमार प्रकरणात 325 आणि 34 याच कलमांचा, तडजोडीने मिटलेला खटला होता. उमेदवाराने तो आधी सांगितला नव्हता, तरीही न्यायालयाने तरुण वयातील चुकीकडे उदारपणे पाहिले. याउलट 2013 च्या मेहर सिंग प्रकरणात तडजोड आणि फितूर साक्षीदार यांमुळे सुटलेल्या उमेदवाराला पोलीस दलात न घेण्याचा निर्णय न्यायालयाने कायम ठेवला. पोलीस दलाबाबत कसोटी कडक असते. वनरक्षक हेही गणवेशातील पद आहे, त्यामुळे यश निश्चित आहे असे मी म्हणणार नाही. मात्र लपवलेली गोष्ट पडताळणीत उघड झाली, तर नोकरी जाण्याचे कारण जुनी मारामारी राहत नाही, खोटी माहिती हे स्वतंत्र कारण तयार होते, आणि ते खोडून काढणे फार अवघड जाते.

ज्यांचे प्रकरण अजून चालू आहे, त्यांना उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करता येतो, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 482 खाली आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 528 खाली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील लोकांना ऑगस्ट 2025 पासून त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचकडे जाता येते. तुमचा खटला संपलेला असल्याने या अर्जावर खर्च करण्याची तुम्हाला गरज नाही.

एवढे करूनही निवड रद्द झाली, तर कारणे नमूद असलेला लेखी आदेश मागून घ्या. गुन्ह्याचे स्वरूप, तुमचे वय आणि तुम्ही दिलेली खरी माहिती यांचा विचार न करता यांत्रिकपणे काढलेल्या आदेशाविरुद्ध महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाकडे दाद मागता येते. त्यासाठी साधारणतः अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते, पण ती संपण्याची वाट न पाहता आदेश मिळाल्याच्या आठवड्यातच वकिलाला भेटा, कारण तुमच्या जागी दुसऱ्याची नेमणूक झाल्यावर दिलासा मिळवणे कठीण होते.