प्रेगाबालिनची सवय लागते का?

ताई, तुमच्या आईला कमरेची नस दबली म्हणून प्रेगाबालिन ७५ दिलंय, साइड इफेक्ट काय आणि सवय लागते का असं विचारलंय तुम्ही. मी डॉक्टर नव्हे, पण माझी कमरेच्या मणक्यातली एल४-एल५ ची गादी सरकलेली, खानापूर-बेळगाव रोजचं बाईकवर, आणि हीच गोळी आठ महिने खाल्ली, म्हणून सांगतो.

ही अफूच्या जातीतली गोळी नाही, आणि ब्रुफेनसारखी पेनकिलरपण नाही, फिटच्या पेशंटलासुद्धा देतात. मुख्य त्रास गुंगी आणि चक्कर. तिसऱ्या दिवशी पहाटे परड्यात न्हाणीकडं जायला झटक्यात उठलो आणि भिंतच अंगावर आली बघा, हातातली कळशी खाली. डॉक्टर "निधान एळ्री", म्हणजे हळू उठा, म्हणून कानडीत बजावत होते, मी मान हलवून घरी आलेलो. आईंना रात्री एकट्या उठू देऊ नका, लाइट चालू ठेवा, ह्या वयात खुब्याचं हाड मोडलं तर कंबर बरी म्हणायची वेळ येते.

पाय सुजतात, वजन वाढतं. माझा चपलेचा पट्टा रुतायला लागला तर मी आपला भाताला दोष देत बसलो.

सवयीचं म्हणाल तर, सौंदत्तीला यल्लम्माला गेलो आणि गोळ्या घरीच राहिल्या, तेव्हा डोस १५० दोनदा होता, तीन रात्री झोप नाही, घाम, जीव नुसता घाबराघुबरा. नंतर कळलं एकदम तोडायची नसते, डॉक्टरला विचारून निदान आठवडाभर तरी कमी करत आणायची.

शुगर-बीपी असेल तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घ्या, कारण ही गोळी जवळपास सगळी लघवीवाटेच बाहेर पडते, किडनी कमजोर असली की डोस कमी लागतो. झोपेची गोळी, ट्रामाडॉल (ही मात्र अफूच्या जातीतली पेनकिलर) चालू असेल किंवा दम्यासारखा फुफ्फुसाचा आजार असेल तर आधीच सांगा, श्वास मंद होऊ शकतो.

आणि एक, २०१७ ला ऑस्ट्रेलियात सायटिकाच्या, म्हणजे कमरेतली नस दबून पायात कळ जाणाऱ्या, २०९ पेशंटवर चाचणी झाली, त्यात औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा प्रेगाबालिननं पायाचं दुखणं काही जास्त कमी झालं नाही, चक्कर मात्र जास्त आली. मला रात्रीचं करंट मारल्यासारखं व्हायचं ते थांबलं, पण बसताना कळ तशीच. दोन महिन्यांत आईंना फरक नसेल तर "चालू ठेवायची का" म्हणून सरळ विचारा की, लाजू नका. गोळ्या आणताना स्ट्रिपवरचा आकडा वाचा, मला एका मेडिकलवाल्यानं ७५ च्या जागी १५० ची दिलेली, आणि मी ती चार दिवस खाल्ली.